सातव्या पायरीवरून

नववीच्या इतिहासात रोमचा धडा होता. तो मी तीसेक वर्षं शिकवला, म्हणजे शिकवल्यासारखा केला. धड्यात कोलोसियमचं चित्र असलेलं पान आलं की मी मुलांना सांगायची, हे घरी वाचून या, परीक्षेला येत नाही. खरं तर यायचं. दोन मार्कांची टीप असायची आणि माझ्या वर्गाचे ते दोन मार्क हमखास जायचे. एकदा एका पालकानं तक्रार केली. मुख्याध्यापकांनी विचारलं तर मी त्यांच्यावरच डाफरले. माझा स्वभावच तसा आहे. चूक माझी असली की आवाज आधी चढतो.

त्या पानाशी माझं काय वाकडं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते. त्यात मी कुठं फार शहाणी किंवा शूर दिसणार नाही, तेव्हा कुणी तशी आशा ठेवू नये.

आमचं गाव आसेगावच्या बाजूचं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालं आणि गावाबाहेरच्या टेकाडात गिट्टीची खदान पडली. आमच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं त्या खदानीवर होती. आई गिट्टी फोडायची, बाबा सुरुंगाची भोकं पाडायचे. मी तेव्हा वाशीमला शिकत होते. सुटीत आले की आईच्या हातांकडं पाहवत नसे. रस्ता झाला, मागून पाऊसही आला, काम संपलं. टेकाडाच्या पोटात मोठा गोल खड्डा तेवढा राहिला. तीन बाजूंनी उतार आणि चौथ्या बाजूनं गाड्यांची वाट. त्यात उन्हाळ्यात गुरं सावलीला बसायची.

बाबा मूळचे गवंडी. दगडाच्या विहिरी बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांना आकडे यायचे, अक्षरं यायची नाहीत. आयुष्यात त्यांना एकच नाद, कुस्ती. स्वतः कधी लंगोट लावला नाही, पण कोणत्या पैलवानाची कोणती मांडी कच्ची आहे हे त्यांना पैलवानाच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

या नादाला एक गोष्ट चिकटलेली होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माघाच्या जत्रेत आमच्याकडं दंगल व्हायची. दंगल म्हटली की डफडं लागतं. डफड्याशिवाय पैलवान हौदात, म्हणजे कुस्तीच्या भुसभुशीत मातीत, पाय घालत नाही. हे डफडं वाजवायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या वस्तीकडं होतं आणि बाबा ते वाजवायचे. त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता असं जुनी माणसं सांगत. चार-चार तास हौदाच्या काठाशी उभं राहून वाजवायचं, बसायचं नाही. पण कुस्ती हातभर अंतरावरून दिसायची.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला. त्या दिवसापासून मेलेली गुरं ओढणं बंद, आणि डफडंही बंद. बाबांनी स्वतःच्या हातानं आपलं डफडं फोडलं. मी तेव्हा लहान होते, पण तो आवाज मला आठवतो. त्याचा त्यांना कधी पस्तावा झाला नाही. फक्त एक झालं. काठावरची जागा वाजवणाऱ्याची होती, पाहणाऱ्याची नव्हती. डफडं गेलं तशी जागाही गेली. पुढं दरवर्षी इंझोरीहून वाजवणारा यायचा आणि बाबा लांब एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून दंगल पाहायचे, म्हणजे गर्दीच्या पाठी पाहायचे. घरी येताना वाटेत भेटेल त्याला विचारायचे, कोणत्या डावावर पडला.

दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी सरपंचांच्या डोक्यात आलं की दंगल खदानीत भरवावी. उघड्या वावरात मागच्यांना काही दिसत नसे, दरवर्षी मारामारी व्हायची, माणसं बाभळीवर चढून अंग फाडून घ्यायची. बाबांनी ऐकलं आणि ते आपण होऊन सरपंचांकडं गेले. म्हणाले, "तीन बाजूनं उतार हाय. मी पायऱ्या काढून देतो. गाव बसून पाहीन."

गावानं ठरवलं की घरटी एका माणसानं येऊन काम करायचं, आणि ते खरोखर आले. त्या हिवाळ्यात मी गावातल्याच हायस्कुलात नोकरीला लागले होते. वस्तीतली पहिली शिकलेली मुलगी, पहिली बाई मास्तरीण. माझे पाय जमिनीला लागत नव्हते, हे मी कबूल करते.

एका संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "तुया पुस्तकात थे गोल चित्र हाय ना? त्या दिवशी तू दाखवलं व्हतं."

मी पुस्तक काढलं आणि त्यांना कोलोसियम समजावून सांगितलं. इतकं मन लावून मी पुन्हा कुणालाच शिकवलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम, लांबट गोल. मधल्या मैदानावर वाळू अंथरायचे, म्हणजे रक्त शोषून घेता येतं. मैदानाच्या खाली भुयारं, तिथून पिंजरे दोरांनी वर ओढायचे आणि वाघ-सिंह एकदम प्रेक्षकांसमोर यायचे. बाहेरून ऐंशी कमानी आणि कमानीवर आकडे कोरलेले. माणसाच्या हातात मातीचा बिल्ला असायचा, बिल्ल्यावर जो आकडा त्या कमानीतून आत जायचं. खेळ संपला की हजारो माणसं पाहता पाहता बाहेर पडायची.

बाबांना वाघ-सिंहांचं काही पडलं नव्हतं. त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, "उतार किती दिसते याचा? मांगच्याच्या डोळ्यासमोर पुढच्याचं डोक्सं येत नसन काय?" मला सांगता येईना. मग थोडा वेळ चित्र पाहून ते म्हणाले, "अन् बांधनारे कुठी बसत?"

"गुलाम होते बाबा ते. लढाईत पकडून आणलेले."

"हाव, पन बसत कुठी?"

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही. ते हसले. म्हणाले, "आपल्या पुस्तकात लिहू आपन. मले एक डाव बसून दंगल पाहाची हाय. पयल्या पायरीवर. हातात काई न घेता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उताराचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. गावातला सगळ्यात उंच गडी पुढच्या दगडावर बसवायचा, सगळ्यात बुटका मागच्या दगडावर. बुटक्याच्या डोळ्यापासून हौदाच्या काठापर्यंत सुतळी ताणायची. सुतळी उंच गड्याच्या डोक्याला लागली तर मागची पायरी तेवढी उंच करायची. शाळा सुटल्यावर सुतळीचं खालचं टोक मी धरायची. असं एकेक करत त्यांनी काळ्या दगडात पाच पायऱ्या काढल्या. मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत जाणार नाहीत एवढी रुंदी, आणि पाणी साचू नये म्हणून प्रत्येक पायरीला बोटभर ढाळ. पाचव्या पायरीवर उतार संपत होता. त्यावर टेकाडाचा सपाट माथा होता. बाबा म्हणाले, बस, पाचच. याच्या वर सुतळी जमत नाही.

पायऱ्या पाहायला आजूबाजूच्या गावची माणसं येऊ लागली. सरपंचांनी शाळेत बैठक बोलावली, जत्रेचं नियोजन करायला. मुख्याध्यापकांना मिरवायची हौस, ते म्हणाले, बाई, जगातल्या अशा बांधकामांवर तुम्ही दहा मिनिटं बोला. मी दोन रात्री बसून भाषण लिहिलं.

बैठकीला गावातली सगळी मोठी माणसं होती. माझे बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते, बांधकामाचं काही विचारायचं झालं तर असावेत म्हणून. मी फळ्यावर खडूनं मोठा गोल काढला. आधी आवाज कापत होता, मग सुटला. लोक ऐकत होते. ज्या माणसांसमोर माझ्या आजीनं कधी मान वर केली नाही ती माणसं माझ्याकडं बघून माना डोलवत होती. वाघांचं सांगितलं, भुयारांचं सांगितलं. मग बसण्याच्या जागा सांगितल्या. अगदी पुढं, मैदानाला लागून, राज्यकारभार पाहणारी थोर घराणी. त्यांच्या संगमरवरी जागांवर त्यांची नावं कोरलेली. त्यांच्या मागं घोडेस्वार आणि श्रीमंत व्यापारी. त्यांच्या मागं सामान्य नागरिक. आणि सगळ्यात वर, लाकडी बाकांवर, गोरगरीब, बाया आणि गुलाम. मी गोलात गोल काढून प्रत्येकात नीट अक्षरात लिहिलं.

कागदावर याच्या पुढं एक वाक्य होतं. तेच वाक्य म्हणण्यासाठी मी बाकीचं सगळं लिहिलं होतं. "पण मंडळी, आपल्या मैदानात अशी उतरंड असणार नाही, इथं जो आधी येईल तो पुढं बसेल." मी श्वास घेतला, तेवढ्यात दारातून चहाचे कप आले. लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या पडल्या. सरपंच स्वतः उठून म्हणाले, "वा बाई, वा." आणि मी हसले, हात जोडले आणि खाली बसले.

चहा पिऊन झाल्यावरही मी उठू शकले असते. एकच वाक्य होतं. कप गोळा होईपर्यंत ते माझ्या तोंडात होतं. पण टाळ्या गोड लागल्या होत्या. त्यानंतर ते वाक्य म्हटलं असतं तर दोन-चार चेहरे उतरले असते आणि मला ते चेहरे तसेच, माझ्याकडं कौतुकानं पाहणारे, हवे होते. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आठवडाभरानं खदानीवर नवं काम सुरू झालं. टेकाडाच्या माथ्यावर मुरूम टाकून सहावी आणि सातवी अशा दोन पायऱ्या वाढवायच्या होत्या. बाबा सरपंचांना म्हणाले, "तिथून हौद दिसत नाई जी. सुतळी लावून पाहा." सरपंच म्हणाले, माणसं वाढली, जागा लागते. मग त्यांनी बाबांना प्रत्येक पायरीवर आकडा कोरायला सांगितला, एक ते सात. बाबा घरी येऊन मला म्हणाले, "तुया त्या रोमावानी आकडे टाकून राह्यले." ते खुशीत होते. त्यांनी छन्नीनं एवढे सुबक आकडे काढले की आजही त्यांची वळणं मला डोळ्यांसमोर दिसतात.

आकडे कशासाठी हे मला शाळेत कळलं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून त्यावर शिक्के मारायचं काम मुख्याध्यापकांकडं आलं होतं. पहिली पायरी पाहुणे आणि पंच. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी गावातल्या एकेका मोहल्ल्याला. सहावी बाहेरगावच्यांना. सातवीवर आमची वस्ती आणि गावच्या बाया. जातीचं नाव कुठंही नव्हतं. फक्त आकडे होते.

मी तडक सरपंचांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, हे लिहायलाच पाहिजे.

"हे काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

"काय केलं बाई?"

"वस्तीला सातवी पायरी. तिथून काही दिसत नाही. आणि बांधली कुणी?"

"मोहल्ल्यापरमानं चिठ्ठ्या वाटल्या. भांडनं नको म्हून. तुमीच त सांगतलं, रोमात असंच व्हतं. आमाले काय माहीत व्हतं?" ते शांतपणे बोलत होते, चेष्टा करत नव्हते. "अन् बायाईची सोय केली ना वर. आजवर कोन्या बाईनं दंगल पाह्यली व्हती काय? तुमच्याचमुळं झालं थे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते देण्याची जागा आठवड्यापूर्वी, फळ्यासमोर होती. सरपंचांना निमित्त मीच पुरवलं होतं. माझं भाषण नसतं तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं हेही मला कळतं. तरी त्यांनी जे वापरलं ते माझं होतं.

बाबांना मी सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगते. ते जत्रेसाठी धोतर धुऊन नीळ घालत होते, आईला टोपीला इस्त्री कर म्हणत होते. आई म्हणाली, "लगन हाय काय तुमचं?" ते म्हणाले, "त्याहून मोठं हाय." अशा माणसाला काय सांगायचं? बाकीच्या वस्तीला चिठ्ठ्या जत्रेच्या दिवशीच वाटायच्या होत्या. आमच्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि मी त्या जत्रेच्या दिवसापर्यंत बाहेर काढल्या नाहीत.

जत्रेच्या दिवशी जेवणही न करता बाबा खदानीत गेले. सगळ्यात आधी. मी आणि आई पोचलो तेव्हा ते पहिल्या पायरीवर, हौदाच्या बरोबर समोर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. माणसं यायला लागली होती. मी वाटेतच थांबले. एक स्वयंसेवक त्यांच्याजवळ आला. बाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं, चिठ्ठ्या पोरीजवळ हायेत. तो माझ्याकडं आला. मी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "बाबा, सात नंबर. वर जा."

बाबांनी पायरीकडं पाहिलं. बाजूला त्यांनीच कोरलेला एकचा आकडा होता. मला वाटलं, आता ते भांडतील. मी देवाला मानत नाही, तरी मनात म्हणत होते, भांडा, बाबा, मी येते तुमच्या बाजूनं. ते उठले, धोतर झटकलं आणि वर चढायला लागले. माझ्याजवळून जाताना थांबले.

"तुले माहीत व्हतं?"

"हो."

ते सातव्या पायरीवर वस्तीतल्या माणसांत जाऊन बसले. दहा हातांवर बायांचा घोळका होता, त्यात आई आणि मी. खाली सगळं मैदान भरलं. पाचही पायऱ्या गच्च, रंगीत पटके, पांढऱ्या टोप्या. त्या पायऱ्यांवरचा एकूण एक माणूस नीट पाहू शकत होता, कारण बाबांनी सुतळी लावली होती. आम्हाला टोप्या दिसत होत्या. हौद नव्हता दिसत. बाया म्हणत होत्या, काय सुरू आहे, आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

सुरू काहीच झालं नव्हतं. तास गेला. मग भोंग्यावरून आवाज आला की इंझोरीचा वाजवणारा आलेला नाही, त्याची गाडी कुठंतरी बंद पडली. पैलवान लंगोट लावून बसले होते. लोक ओरडायला लागले. कुणीतरी गावातून एक जुनं डफडं पैदा केलं होतं, पण हात कुणाचा? थोड्या वेळानं भोंग्यावर सरपंच आले. अगदी अदबीनं म्हणाले, "वरच्या मंडळीत कोनी जुना जानकार असन त मेहेरबानी करून खाली यावं. त्यायची हौदाजवळ सोय करू."

सातव्या पायरीवर वस्तीतली पोरं ताठ बसली. त्यांनी कुणाकडंही पाहिलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं की ते कुणाला बोलावत आहेत. गावात जुना जाणकार एकच होता. मी बाबांकडं पाहिलं. ते खाली, टोप्यांच्या पलीकडं जिथं हौद असायला हवा तिकडं पाहत होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, टाचा उचलल्या होत्या, पाहायचा प्रयत्न करत होते.

मग ते उभे राहिले.

मी दहा हातांवर होते. उठून त्यांचा हात धरता आला असता. मी नाही धरला. आईनं पदर तोंडाशी नेला आणि मान फिरवली. बाबा एकेक पायरी उतरत गेले. लोक सरकून वाट देत होते. पाचव्या पायरीनंतर ते मला दिसेनासे झाले. थोड्या वेळानं जाळाचा धूर दिसला, म्हणजे ते कातडं शेकत होते. आणि मग डफडं वाजलं.

ते चांगलं वाजत होतं, याचा मला फार राग आला. वाकडं, बेसूर वाजलं असतं तर माझ्या जिवाला जरा बरं वाटलं असतं. एवढ्या वर्षांत हात जराही विसरला नव्हता. जोड लागली की लय चढायची, कुणी चीत झाला की एकदम तुटायची. खालून जुनी माणसं वाहवा करत होती. काय घडतंय ते आम्हाला नुसत्या त्या आवाजावरून कळत होतं. सातव्या पायरीनं ती सगळी दंगल माझ्या बापाच्या हातातून ऐकली. दिवस मावळेपर्यंत ते उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली चार पोरं आमच्या अंगणात आली. आत या म्हटलं तर आली नाहीत. त्यातला एक बाबांच्या हाताखाली गवंडीकाम शिकलेला होता. तोच बोलला. "बाबा, काहून गेले तुमी खाली?"

बाबा बाजेवर बसले होते. बोटांना चरे पडले होते. त्यांनी ती एकदा मिटून उघडली. मग म्हणाले, "वरून दिसत नव्हतं."

पोरांना एवढं उत्तर पुरलं नाही आणि पुरायलाही नको होतं. छप्पन साली सगळ्यांच्या बापांनी मिळून जे टाकलं ते एका माणसानं एका दुपारसाठी उचललं होतं. पुढच्या वर्षी गावानं डफड्यासाठी वस्तीकडंच माणूस मागितला, तेव्हा पोरांची भीती किती खरी होती ते दिसलं. जत्रेनंतर लगेच आलेल्या बुद्ध पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावायचा दरवर्षीचा मान बाबांना मिळाला नाही. विहाराचा ओटा त्यांनीच बांधलेला होता. त्यांनी तक्रार केली नाही. "बरोबर हाय त्यायचं," एवढंच म्हणाले आणि मागच्या रांगेत बसले.

मी त्यांना भाषणाचं सांगितलं ते त्याच उन्हाळ्यात. शेवटचं वाक्य पाठ होतं, ते म्हणून दाखवलं. का म्हटलं नाही तेही सांगितलं, टाळ्यांसकट. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे पोरी, त्यानं काय झालं असतं. आई-बाप असंच म्हणतात. ते म्हणाले, "म्हनाले पाह्यजे व्हतं." आणि पाणी मागितलं.

तेव्हा मला दुसरं खूळ लागलं. एका दुपारी मी त्यांना खदानीत घेऊन गेले. कुणी नव्हतं, हौदाची माती वाळून कडक झाली होती, तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. मी त्यांना पहिल्या पायरीशी नेलं, पदरानं दगड पुसला आणि म्हटलं, "बसा बाबा. आता कोण उठवतं ते पाहते मी."

ते उभेच राहिले. त्यांनी पायरीवरून हात फिरवला, सांध्यात बोट घालून पाहिलं, एका ठिकाणी दर्ज सुटली होती तिथं थोडं उकरलं. मी पुन्हा म्हटलं, बसा ना. माझा आवाज चढला होता.

"काय पाहू इथं बसून?" ते म्हणाले.

ते थोडा वेळ ऊन डोळ्यांवर घेत थांबले, माझ्यासाठीच थांबले असावेत. मग म्हणाले, चाल, तुया आईनं भाकरी टाकल्या असतीन, आणि गाड्यांच्या वाटेनं बाहेर निघाले. मीही त्यांच्या मागून गेले. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले आणि एकाही दंगलीला गेले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोणत्या डावावर पडला हेही त्यांनी कधी विचारलं नाही.